अंतर कोणी राखायचं?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

सकाळच्या सत्रात आपण सल्ला केंद्राकडे आलेल्या प्रकरणांचा आढावा घेतला. ते सगळं ऐकून आपण साऱ्याच गप्प झालो होतो. त्यानंतर मी एका सहलीबद्दल बोलणार, असं ताईंनी जाहीर केलं तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू उमटलं. मला त्या हसण्याचा राग आला नाही. ज्या बाईला चार दिवस माहेरी जायचं तर घरातल्या तिघांची परवानगी काढावी लागते, तिच्यापुढे बोटीतून बेटं पाहिल्याच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे अवघडच आहे. तरी सांगते. कारण त्या बेटावरच्या एका किनाऱ्यावर मला आपल्याच कामातला एक प्रश्न वेगळ्या बाजूने दिसला. मी इतकी वर्षं मुलींना जे सांगत आले त्यात काहीतरी चुकत होतं, हे तिथे कळलं. ते तुमच्यासमोर कबूल करावं, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आधी खर्चाचं सांगून टाकते, नाहीतर तुमच्या मनात तोच प्रश्न घोळत राहील. हा प्रवास माझ्या मानधनातून झालेला नाही. माझी मावशी अमेरिकेत राहते. ३४ वर्षं तिने तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली. काकांच्या आजारपणाची शेवटची सहा वर्षं घरातही तेच काम केलं. काका गेले, आणि वर्षभराने, वयाच्या ६८ व्या वर्षी तिने जाहीर केलं की आपण गालापागोसची बेटं पाहायला जाणार. मुलगा म्हणाला, "या वयात होडीत चढ-उतर जमणार आहे का?" इकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. "तेवढ्या पैशात चारी धाम झाले असते," असंही कोणी म्हणालं. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दोन जागा पक्क्या केल्या. मला फोन करून म्हणाली, "पासपोर्ट आहे ना तुझा? मी परवानगी मागायला फोन केलेला नाही गं, सोबत मागायला केलाय."

तर २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघी गेलो.

गालापागोस हा दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर या देशाचा द्वीपसमूह. मुख्य भूमीपासून पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात जवळजवळ एक हजार किलोमीटर आत. ज्वालामुखीतून वर आलेली ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. पोहत, उडत किंवा वाहत जे पोचले तेवढेच जीव तिथे वाढले. वाघ, लांडगा, कोल्हा असं जमिनीवरचं मोठं हिंस्र जनावर तिथे पोचलंच नाही. १९५९ साली एक्वादोर सरकारने माणसांच्या वस्तीची नि शेतीची जमीन सोडून बाकीची सगळी, म्हणजे सुमारे ९७ टक्के जमीन, राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवली. १९९८ मध्ये भोवतालचा समुद्रही संरक्षित केला. परदेशी माणसाला आत शिरण्यासाठी शुल्क भरावं लागतं. ते पूर्वी १०० डॉलर होतं, ऑगस्ट २०२४ पासून २०० झालं. विमानतळावर सामान तपासतात ते बी-बियाणं, फळं, माती काही येत नाही ना हे पाहायला. मावशीच्या पिशवीतला लाडवांचा डबा तिथल्या बाईंनी उघडून, वास घेऊन पाहिला, तेव्हा मावशीला आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

आमची बोट लहान होती. सोळा प्रवासी आणि एक गाइड. या बेटांवर बहुतेक ठिकाणी परवानाधारक गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि एका गाइडबरोबर सोळापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. आमची गाइड पस्तिशीची बाई होती, तिथल्याच एका बेटावर जन्मलेली, कोळ्याची मुलगी. बोटीवरचे बाकी सगळे कर्मचारी पुरुष. त्यांच्याशी ती ज्या सहजपणे बोलायची, ते पाहून मावशी म्हणाली, "हिला हे मिळवायला किती वर्षं लागली असतील, ते विचार तिला." मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "पहिल्या वर्षी प्रवासी मला चहा आणायला सांगायचे." बघा, पॅसिफिक महासागरातसुद्धा चहा आपणच आणायचा.

रात्रभर बोट चालली आणि सकाळी आम्ही एस्पानियोला बेटाजवळ पोचलो. द्वीपसमूहाच्या अगदी आग्नेय टोकाचं हे बेट, तिथल्या सर्वांत जुन्या बेटांपैकी एक. क्षेत्रफळ साधारण ६० चौरस किलोमीटर. माणसाची वस्ती नाही, गोडं पाणी नाही. त्याच्या ईशान्य बाजूला गार्डनर बे नावाचा लांबलचक पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. तिथे धक्का नाही. रबरी होडीतून, तिकडे तिला पांगा म्हणतात, किनाऱ्याजवळ जायचं आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. मावशीने साडी नेसायचा हट्ट सोडून आयुष्यात पहिल्यांदा तीनचतुर्थांश विजार घातली होती. दोन खलाशांनी हात पुढे केले. तिने एकाचाच हात घेतला आणि उतरली.

उतरण्याआधी होडीतच गाइडने नियम सांगितले. ते मी वहीत उतरवून घेतले, कार्यकर्तीची सवय. कुठल्याही प्राण्यापासून किमान दोन मीटर अंतर ठेवायचं. हात लावायचा नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही. फ्लॅश वापरायचा नाही. शिंपला, दगड, चिमूटभर वाळूसुद्धा उचलायची नाही. ठरलेल्या भागापलीकडे जायचं नाही. प्राण्याच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं नाही, त्याची वाट अडते. परत होडीत चढताना पायाची वाळू धुवायची. आणि सकाळी ६ च्या आधी व संध्याकाळी ६ च्या नंतर कोणीही पाहुण्याने किनाऱ्यावर थांबायचं नाही.

एवढं सांगून झाल्यावर तिने आणखी एक नियम सांगितला. "तुम्ही दोन मीटर दूर राहिलात तरी ते तुमच्याकडे येतील. येऊ द्या. पण हात पुढे करू नका, जमलं तर तुम्हीच मागे सरका. ते जवळ आले म्हणजे त्यांनी तुम्हाला परवानगी दिली, असं समजू नका."

मैत्रिणींनो, हे वाक्य तिने सकाळी सात वाजता, डोळ्यांत झोप असलेल्या सोळा प्रवाशांना, रोजच्या सवयीने सांगितलं. मी मात्र पेन हातात धरून तशीच बसून राहिले. आपल्याकडे येणाऱ्या किती प्रकरणांत समोरच्याचा बचाव हाच असतो! "ती स्वतःच बोलायला आली होती." "ती हसली होती." "ती गाडीवर बसली होती." 

किनाऱ्यावर समुद्रसिंह पसरलेले होते. शेकड्याने नसतील, पण नजर जाईल तिथपर्यंत होते. सी-लायन म्हणतात ना, तेच. माद्या उन्हात आडव्या पडलेल्या, पिलं दूध पीत होती. आम्ही आलो म्हणून एकीनेही मान वर केली नाही. एक पिलू एकटंच ओरडत होतं. त्याची आई मासे मारायला गेली होती. गाइड म्हणाली, आई परत आली की हाक देते, पिलू साद देतं, आणि मग हुंगून ती आपलं पिलू ओळखते. दुसऱ्याच्या पिलाला ती दूध पाजत नाही. म्हणून तुमच्या हाताचा वास त्याच्या अंगाला लागता कामा नये. तुमचं एका क्षणाचं लाड करणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

समुद्री इग्वाना होते, आपल्या घोरपडीसारखे दिसणारे, काळ्या खडकावर एकमेकांच्या अंगावर टाकल्यासारखे. एक राखाडी-तपकिरी पक्षी, मॉकिंगबर्डची ही जात फक्त याच बेटावर आहे, उडत आला आणि मावशीच्या बुटाची नाडी ओढायला लागला. मग पाण्याच्या बाटलीवर बसला. बेटावर गोडं पाणी नाही, त्याला बाटलीत काय असतं ते बरोबर ठाऊक झालेलं. मावशीला पाझर फुटला, पण तिने बाटली पिशवीत घातली.

आमच्यात एक गृहस्थ होते, मोठा कॅमेरा घेऊन आलेले. एक पिलू लुटुलुटु त्यांच्याकडे गेलं तसे ते वाळूत आडवे झाले आणि हात लांब करून त्याच्या डोक्यापर्यंत नेला. गाइड धावली. आवाज चढवला नाही, पण त्यांच्या आणि पिलाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, "पण तेच माझ्याकडे आलं!" ती म्हणाली, "त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे." गृहस्थ रागावले. जेवायच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत तो राग होता. पण त्यांनी पुन्हा हात पुढे केला नाही, कारण परवाना काढून घेण्याची, होडीतून खाली न उतरू देण्याची ताकद त्या बाईच्या मागे उभी होती. हे मुद्दाम सांगते. ती एकटी धीट होती म्हणून ते थांबले नाहीत. तिच्या मागे कायदा होता, उद्यानाचं कार्यालय होतं, आणि बाकीचे पंधरा जण तिच्या बाजूने होते.

मग आम्हाला तासभर मोकळं सोडलं. मावशी वाळूत बसली. मी किनाऱ्याने चालत गेले. बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात मोकळे आहेत. तुम्हाला हे ऐकून काय विशेष असं वाटेल. मी १४ वर्षांची होते तेव्हा गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने जे केलं, त्यानंतर मी छातीशी पिशवी धरून चालायला लागले. सुरुवातीला वह्यांचं दप्तर, मग कॉलेजची पर्स, आता संघटनेची शबनम. वीस वर्षांहून जास्त काळ माझा एक हात त्या कामाला जुंपलेला आहे. त्या दिवशी पिशवी मावशीजवळ राहिली होती आणि ती नाही हे मला अर्ध्या तासाने कळलं. परत आले तेव्हा मावशी समुद्राकडे तोंड करून बसली होती. एक पिलू येऊन तिच्या पायाचा अंगठा हुंगत होतं. तिने हात पाठीमागे बांधून घेतले होते आणि पाय हळूच मागे घेत होती. पिलू गेल्यावर म्हणाली, "किती वेळ बसलेय मी, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही कोण आहे ते."

बोटीवर परतल्यावर मी गाइडला विचारलं, हे प्राणी भीत कसे नाहीत? तिने उलट विचारलं, त्यांनी भ्यावं असं इथे काय झालंय?

हे इतकं सोपं नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि पुढे तिनेच ते सांगितलं. या बेटांवर भिण्यासारखं पुष्कळ झालेलं आहे. चार्ल्स डार्विन १८३५ साली इथे आला होता. एस्पानियोलावर तो उतरला नाही, दुसऱ्या चार बेटांवर उतरला. पक्षी इतके निर्धास्त की एका शिकारी पक्ष्याला त्याने बंदुकीच्या नळीने फांदीवरून ढकललं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. एका बेटावर माणसं राहायला येऊन सहाएक वर्षं झाली होती. तिथे विहिरीपाशी एक मुलगा हातात छडी घेऊन बसलेला त्याला दिसला. पाणी प्यायला आलेले होले आणि फिंच पक्षी तो छडीने मारत होता. सहा वर्षं मार खाऊनही पक्षी माणसाला भ्यायला शिकले नव्हते. देवमाशांची शिकार करणारी जहाजं इथे थांबायची आणि जमिनीवरची ती प्रचंड कासवं उचलून न्यायची. अन्नपाण्याविना कासव कित्येक महिने जिवंत राहतं, म्हणून ती तळघरात उलटी रचून ठेवायची आणि लागेल तसं ताजं मांस काढायचं. एक लाखाहून अधिक कासवं अशी गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

म्हणजे निर्भयपणाने त्या जिवांना वाचवलं नाही. ते निर्भय होते म्हणूनच छडीच्या टप्प्यात आले. आज तो किनारा निर्धास्त आहे याचं कारण, छडीवाल्याला आत येऊ द्यायचं की नाही, किती वेळ येऊ द्यायचं आणि किती अंतरावर थांबवायचं, हे ठरवणारं कोणीतरी तिथे आहे.

आता आपल्याकडे या. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे झालं, त्यानंतर त्या मुलीला आपण काय नाव दिलं? निर्भया. मी तेव्हा नुकती समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून कामाला लागले होते. मीही ते नाव लिहिलेला फलक हातात धरून मोर्च्यात चालले आहे. आज वाटतं, ज्या मुलीसाठी आपण बस सुरक्षित ठेवू शकलो नाही, तिला निर्भय म्हणून आपण आपली जबाबदारी तिच्याच गुणावर टाकून मोकळे झालो. त्यानंतर मुलींसाठी किती शिबिरं झाली. कराटे, शिट्ट्या, मिरचीचा फवारा. सगळा भर मुलीने काय करावं यावर.

आणि कायद्याची गंमत पाहा. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होतं. बाईने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात काम करायचं नाही. हेतू चांगलाच होता, संरक्षणाचा. ते कलम अनेक दशकं चाललं, मग न्यायालयांनी आणि राज्यांनी बाईची संमती व सुरक्षिततेची हमी या अटींवर ते हळूहळू सैल केलं. गालापागोसमध्येही सहाचा नियम आहे. पण तिथे संध्याकाळी ६ नंतर किनारा सोडायचा असतो तो पाहुण्याने. ज्याच्यापासून धोका त्याने घरी जायचं. समुद्रसिंहाच्या मादीला कोणी सांगत नाही की बाई गं, दिवेलागणीच्या आत परत ये.

इथे कोणी म्हणेल, ताई, प्राण्यांची आणि बायकांची तुलना करू नका. बरोबर आहे. निसर्गात सगळं गोड चालतं असंही मला सुचवायचं नाही. त्याच किनाऱ्यावर दांडगे नर आपापला पट्टा राखत डरकाळ्या फोडत फिरत होते. तिथल्या एका समुद्रपक्ष्याच्या घरट्यात दोन पिलं निघाली तर थोरलं धाकट्याला बाहेर ढकलून मारतं. निसर्गाकडून नीती शिकायला मी गेले नव्हते. मी शिकले ते माणसांनी केलेल्या नियमांकडून. बंधन कोणावर घालायचं हे माणसं ठरवतात, आणि ते योग्य बाजूला घालता येतं, हे मी तिथे पाहिलं.

हे नियम फुकट मिळालेले नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्या गाइडचे वडील कोळी होते. नव्वदच्या दशकात समुद्रकाकडी पकडण्यावर बंधनं आली तेव्हा तिथले कोळी खवळले. १९९५ मध्ये त्यांनी उद्यानाचं कार्यालय आणि संशोधन केंद्र अडवून धरलं. ती तेव्हा लहान होती. "घरात चूल कशी पेटायची हा प्रश्न होता," ती म्हणाली. बाहेरून आलेल्या श्रीमंत माणसाला कासव दिसावं म्हणून माझ्या बापाने जाळं गुंडाळायचं का, असा तो प्रश्न. आजही तो पूर्ण सुटलेला नाही. नियम करताना ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना बरोबर घ्यावं लागतं, नाहीतर नियम कागदावर राहतो. आपणही दारूबंदीच्या चळवळीत हे अनुभवलं आहे.

याच बेटाची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती ऐकून मावशी बोटीत मोठ्याने हसली होती. एस्पानियोलावरची कासवं जहाजवाल्यांनी नेली आणि उरलेल्यांचा चारा माणसाने सोडलेल्या बकऱ्यांनी संपवला. १९६३ ते १९७४ या काळात शोध घेतला तेव्हा अख्ख्या बेटावर १४ कासवं सापडली. १२ माद्या आणि २ नर. त्यांना दुसऱ्या बेटावरच्या प्रजनन केंद्रात नेलं. अमेरिकेत सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात याच जातीचा एक नर होता, तोही आणला. बकऱ्या १९७८ पर्यंत संपवल्या. पुढच्या चाळीसेक वर्षांत या पंधरा जणांची जवळजवळ दोन हजार पिलं वाढवून बेटावर सोडली आणि जून २०२० मध्ये हे म्हातारे पंधरा जणही घरी परतले. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. काय आली? दिएगो नावाच्या त्या एका नराने आपली जात वाचवली! तपासणीत तर असं दिसलं होतं की त्याची पिलं सुमारे ४० टक्केच, बाकीची बहुतेक दुसऱ्या एका नराची, ज्याला नावही नव्हतं, फक्त क्रमांक होता. आणि त्या १२ माद्या? दरवर्षी खड्डे खणून अंडी घालणाऱ्या? त्यांचा उल्लेख कुठे शेवटच्या परिच्छेदात. मावशी म्हणाली, "आमच्या घरची लग्नपत्रिका गं. सगळं केलं बायकांनी आणि निमंत्रक म्हणून खाली नावं काका-मामांची."

त्या केंद्रात अजून एक गोष्ट कळली. कासवाचं पिलू नर होणार की मादी हे अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं. जरा जास्त ऊब दिली की मादी. जात लवकर वाढावी म्हणून तिथे मुद्दाम ऊब वाढवून मुली जास्त जन्माला घातल्या. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली करावा लागला त्या राज्यातून मी आले होते. मी काही बोलले नाही. काचेपलीकडची ती मुठीएवढी पिलं बघत राहिले.

आता कबुलीचं.

परत आल्यावर मी माझी जुनी वही उघडली. आमच्या तालुक्यातल्या एका गावात २०२३ साली मी किशोरवयीन मुलींचं शिबिर घेतलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. शाळा तीन किलोमीटरवर. संध्याकाळची बस बंद झाली होती, मुली चालत यायच्या. वाटेत पुलापाशी पानाची टपरी, तिथे मोटारसायकलवर बसलेली पोरं. ती मागे यायची, गाडी आडवी घालायची. मी फळ्यावर सूचना लिहून दिल्या होत्या. घोळक्याने चाला. मोठ्याने हसू-बोलू नका. मोबाइल बाहेर काढू नका. उशिराच्या जादा तासाला थांबू नका. उत्तर देऊ नका. शिट्टी जवळ ठेवा. अशा ११ सूचना. माझ्याच अक्षरात. शेजारी मी होडीत उतरवून घेतलेले नियम ठेवले. तिथला एकेक नियम येणाऱ्यासाठी होता. माझी एकेक सूचना मुलीसाठी होती. टपरीवरच्या पोरांसाठी त्या पानावर एक ओळही नव्हती.

त्या शिबिरानंतर वर्षभरात तिथल्या दोन मुलींची शाळा सुटली. बापांनी माझ्याच सूचना पुढे नेल्या होत्या. जादा तासाला थांबू नको, इथपासून शाळेतच जाऊ नको, इथपर्यंत. वाट तीच होती, ते फक्त दोन पावलं पुढे गेले.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही पुन्हा गावात गेलो. या वेळी मुलींना बोलावलंच नाही. ग्रामपंचायतीत बसलो. सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस पाटील, टपरीवाला आणि त्या पोरांचे आईबाप. मी दुसरी यादी केली. बस कोण आणणार? पुलावर दिवा कोण लावणार? टपरीसमोर गाड्या लावायच्या की नाही? मुलीच्या मागे मागे जाणं हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदाही लागू होतो, हे पोरांना कोण सांगणार? पहिल्या बैठकीत एक जण म्हणाला, "पोरं आहेत, चालायचंच." टपरीवाला म्हणाला, "माझं गिऱ्हाईक तुटेल." मला गाइडच्या वडिलांची आठवण झाली. त्याचंही ऐकून घेतलं.

काय झालं? चार महिने आगारात खेटे घातले, तेव्हा साडेपाचची बस सुरू झाली. पुलावर दिवा लागला, दोनदा फुटला, तिसऱ्यांदा टिकला. टपरी तिथेच आहे, गाड्या मात्र पलीकडे लावतात. पोरं सुधारली असं मी म्हणणार नाही, अंतरावर आहेत. दोघींपैकी एक मुलगी दहावीला परत बसली. दुसरीचं आम्ही पोचायच्या आधीच लग्न लावून दिलं होतं. सोळा वर्षांची होती. आम्हाला उशिरा कळलं. तिच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही चांगलं नाही. तिच्या सासरच्या गावच्या कार्यकर्तीशी बोलणं चालू आहे.

स्वसंरक्षण शिकवूच नये असं माझं म्हणणं नाही. अंगात बळ असलेलं केव्हाही चांगलं. माझं म्हणणं एवढंच की इथून पुढे कुठलंही शिबिर घेताना, सभेत बोलताना, सूचना लिहिताना एकदा मोजून पाहा. किती सूचना तिला आहेत आणि किती त्याला? किती जबाबदाऱ्या मुलीच्या आणि किती ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, पोलिसांच्या? मुलीचीच यादी लांबत चालली असेल तर समजा की आपणही कुंपण तिच्याभोवती घालतो आहोत.

मावशीचं शेवटी सांगते. तिने परत गेल्यावर घराच्या भिंतीवर त्या किनाऱ्याचा एक फोटो लावला आहे. फोटोत ती स्वतः नाही, समुद्रसिंहही नाही. नुसती वाळू आणि त्यावर तिच्या पावलांची एक ओळ. मुलाने विचारलं, "यात काय आहे?" ती म्हणाली, "यात मी एकटी चाललेय."

माझी पिशवी अजून छातीशीच असते. आज इथे येतानाही बसमध्ये तशीच धरली होती. हात मोकळे ठेवून चालायला मला त्या बेटावर जावं लागलं. आपल्या मुलींना त्यासाठी पुलापलीकडेसुद्धा जावं लागू नये, एवढं काम आपल्यापुढे आहे.